दुर्मितोर कसे पाहावे: तळी, शिखर आणि तारा नदीची घळई

मॉन्टेनेग्रोच्या उत्तरेला दुर्मितोर हे १९५२ सालापासूनचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९८० पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहे. पुरते पाहायचे तर तीन दिवस हाताशी ठेवा. एका दिवसात उरकू गेलात तर तारा नदीच्या पुलावरचा एक फोटो आणि एक तळे, एवढेच पदरात पडते.

मुक्काम झाब्ल्याकला करा. गाव सुमारे १४५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उन्हाळ्यातही रात्री स्वेटर लागतो. तळ्यांसाठी जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ चांगला. शिखरासाठी मात्र जुलै उजाडू द्या. जूनमध्ये वरच्या सावलीतल्या उतारांवर कडक बर्फ असतो आणि खरे अपघात त्यावरून पाय सटकूनच होतात.

पहिल्या दिवशी त्स्र्नो येझेरो, म्हणजे काळे तळे. गावापासून तीन किलोमीटर, चालतच जा. तळ्याभोवतीची साडेतीन किलोमीटरची पायवाट दीड तासात आरामात होते. हिमनद्यांनी कोरलेली अशी अठरा तळी इथे आहेत. स्थानिक लोक त्यांना ‘डोंगराचे डोळे’ म्हणतात. काळे तळे खरे तर दोन तळ्यांचे आहे. मधली चिंचोळी पट्टी नीट पाहा: उन्हाळा सरता सरता पाणी उतरते, पट्टी उघडी पडते आणि दोन्ही तळी वेगळी होतात. गंमत म्हणजे धाकटे जास्त खोल आहे, जवळजवळ ४९ मीटर. थोरले पंचवीसच्या आतबाहेर.

दुसरा दिवस बोबोतोव्ह कुक या शिखराचा, उंची २५२३ मीटर. काळ्या तळ्याकडून चढ अकराशे मीटरचा पडतो. त्यापेक्षा गाडीने १९०७ मीटरवरच्या सेद्लो खिंडीत जाऊन तिथून सुरुवात करा. चढायला तीन ते साडेतीन तास धरा. खडकांवर रंगवलेल्या, लाल कडा असलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या मागे चालत राहा. इथे लोक फसतात ते पाण्याला. इतकी तळी असलेल्या डोंगरात पाणी मिळेलच असे वाटते, पण खडक चुन्याचा, पाऊस पडला की भेगांत मुरून जातो. माणशी दोन ते तीन लिटर पाणी खालूनच न्या. वरच्या टप्प्यात घसारा आहे, म्हणून घट्ट पकडीचेच बूट हवेत. माथ्याजवळ पोलादी दोर लावले आहेत. उन्हाळ्यात दुपारनंतर अचानक वीज-वादळ उठते आणि अशा वेळी त्या दोराला हात लावणे जिवावर बेतू शकते. पहाटे निघा आणि बाराच्या आत माथा सोडा. ढग जमू लागले तर जिथे असाल तिथून मागे वळा.

तिसरा दिवस तारा नदीचा. घळई काही ठिकाणी १३०० मीटर खोल आहे. ती वरून बघायला चुरेवात्सचा कडा सर्वांत छान. कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका. १९४० मध्ये पुरा झालेला जुर्जेविचा तारा पूल पाण्यापासून १७२ मीटर उंच आहे. त्यावरून चालताना गाड्यांकडे लक्ष असू द्या.

राफ्टिंग करायचे तर आधी महिना ठरवा. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळून नदी फुगते. तेव्हा सराव असलेल्यांनीच उतरावे. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी संथ असते, मुलाबाळांना तेच बरे. सर्वांत खळाळता टप्पा शेवटचा, ब्रश्तानोव्हित्सा ते श्चेपान पोल्ये. पाणी ऑगस्टातही गार असते, म्हणून निओप्रीनचा, म्हणजे अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख नको म्हणू नका. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले तर ते सैल आहे.