छोट्या ट्रॅक्टरला मागे वजन लावताना या चुका टाळा

ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या लोडरची बकेट ओल्या मातीने भरून ट्रॅक्टर मागे घ्यायला जावे, तर मागचे एक चाक जागेवरच फिरू लागते आणि ट्रॅक्टर हलत नाही. अशा वेळी बहुतेक जण टायरला दोष देतात. नक्षी झिजलेली असेल तर तो दोष खराही असतो, पण नक्षी शाबूत असूनही चाक फिरत राहिले, तर मागच्या चाकांवर पुरेसे वजनच उरलेले नाही असे समजावे. छोटा ट्रॅक्टर मुळातच हलका असतो आणि बकेट पुढच्या ॲक्सलच्याही बरीच पुढे असते, त्यामुळे ती भरली की ट्रॅक्टर तराजूच्या दांडीसारखा पुढच्या ॲक्सलवर कलू लागतो.

आकडे मांडून पाहिले की ही गोष्ट स्पष्ट होते. समजा, दोन ॲक्सलमधील अंतर 160 सेंटीमीटर आहे आणि बकेटमधील 300 किलो माती पुढच्या ॲक्सलपासून 120 सेंटीमीटर पुढे आहे. या मातीमुळे मागच्या चाकांवरचे 225 किलो वजन कमी होते आणि पुढच्या ॲक्सलवर तब्बल 525 किलोंचा जादा भार येतो. आता वजन भरलेली 300 किलोंची पेटी मागच्या ॲक्सलच्या 80 सेंटीमीटर मागे लिंकेजवर, म्हणजे अवजारे जोडायच्या आणि लिफ्टने वरखाली होणाऱ्या मागच्या दांड्यांवर, लावली, तर मागच्या चाकांवर 450 किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरचे 150 किलो उतरतात. पेटी 300 किलोंचीच, पण ती लावलेल्या जागेमुळे मागच्या चाकांना तिच्या दीडपट भार मिळतो.

सगळे वजन चाकांतच घालणे

सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे. चाकाला लावलेल्या लोखंडी प्लेटा किंवा टायरमध्ये भरलेले पाणी यांमुळे पकड नक्कीच वाढते, ट्रॅक्टरचा तोलही खाली येतो आणि तो भार थेट टायरवरून जमिनीवर जात असल्याने मागच्या ॲक्सलला तो उचलावा लागत नाही. परंतु 300 किलोंचे तिथे 300 किलोच होतात आणि पुढच्या ॲक्सलचा एक किलोही भार कमी होत नाही. लोडरच्या कामात पुढचा ॲक्सल आणि स्टिअरिंगचे सांधे यांच्यावरच सर्वाधिक ताण येतो, म्हणून अशा कामासाठी आधी लिंकेजवरची पेटी लावावी आणि तरीही पकड कमी पडली तरच चाकांकडे वळावे, असे माझे ठाम मत आहे.

अंदाजाने पेटी भरणे

पेटी म्हणून वापरलेल्या 200 लिटरच्या पिंपात पाणी भरले तर ते 200 किलो भरते, कोरडी वाळू भरली तर सुमारे 320 किलो आणि काँक्रीट ओतले तर सुमारे 480 किलो. रिकामे पिंप, लोखंडी चौकट आणि पिना यांचे वजन आणखी वेगळे. काँक्रीट ओतून ते घट्ट झाल्यावर लिफ्ट ते उचलत नाही हे लक्षात आले, तर सगळे श्रम वाया जातात, म्हणून ओतण्याआधीच माहितीपुस्तिकेतील लिफ्टची क्षमता पाहावी. ही क्षमता अनेकदा दोन ठिकाणची दिलेली असते, एक खालच्या लिंकच्या टोकांपाशी आणि दुसरी त्या टोकांच्या 61 सेंटीमीटर मागे, आणि दुसरा आकडा नेहमी लहान असतो. पेटी मागे जितकी लांब तितके लिफ्टचे बळ कमी पडते. लोडरला मागे किमान किती वजन हवे, हेही लोडरच्या पुस्तिकेत पाहावे.

पेटी लावल्यावर लिंकच्या बाजूच्या चेन ताणून घ्याव्यात. त्या सैल राहिल्या तर वळताना पेटी झोके घेते आणि टायरला घासते. चालताना पेटी जमिनीला टेकणार नाही इतकीच वर ठेवावी.

टायर पाण्याने गच्च भरणे

व्हॉल्व्ह सर्वांत वर आणून पाणी त्याच्या पातळीपर्यंतच भरावे, म्हणजे टायर साधारण 75 टक्के भरतो आणि उरलेल्या जागेत हवा राहते. ती हवाच गादीचे काम करते. टायर पूर्ण भरला तर तो दगडासारखा कडक होतो, प्रत्येक धक्का ट्रॅक्टरला आणि चालवणाऱ्याला बसतो आणि जमिनीला टेकणारा भागही कमी होतो. दोन्ही टायरमधील पातळी सारखी असावी आणि हवेचा दाब तपासतानाही व्हॉल्व्ह वरच असावा.

जिथे पाणी गोठते तिथे साधे पाणी चालत नाही. कॅल्शियम क्लोराईडचे द्रावण सहजासहजी गोठत नाही आणि पाण्यापेक्षा जडही असते, पण ते रिमला गंज चढवते, त्यामुळे व्हॉल्व्हपाशी थेंब दिसला तरी तो लगेच धुऊन गळती बंद करावी. द्रावण तयार करताना पाण्यात क्षार थोडाथोडा घालावा, क्षारावर पाणी कधीही ओतू नये, कारण विरघळताना ते खूप तापते. रेडिएटरसाठीचे एथिलीन ग्लायकॉल असलेले द्रव टायरमध्ये भरू नये, ते गळले तर जनावरांना विषारी ठरते.

वजन लावले म्हणून उतारावर निर्धास्त होणे

अनेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांवर असतात. भरलेली बकेट घेऊन उतार उतरताना मागची चाके हलकी झाली, तर ब्रेक दाबूनही ती घसरत राहतात. फोर व्हील ड्राइव्ह चालू ठेवल्यास मागचा ब्रेक पुढच्या चाकांपर्यंतही पोहोचतो, म्हणून मागे पुरेसे वजन असले तरी उतारावर ती बंद करू नये. बकेट शक्य तितकी खाली ठेवावी, सुरक्षा कमान उभी आणि पट्टा बांधलेला असावा.

गरजेपेक्षा जास्त वजन

बकेट रिकामी असताना किंवा लोडर काढून ठेवलेला असताना मागची जड पेटी तशीच राहिली, तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग वळवूनही ट्रॅक्टर सरळ जातो. ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान 20 टक्के भार पुढच्या ॲक्सलवर असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. जादा वजनामुळे डिझेल अधिक लागते, माती दाबली जाते आणि गिअरबॉक्सवर ताण येतो, कारण चाक कधीच घसरत नसेल तर सगळा झटका आतल्या दात्यांना सोसावा लागतो. नांगरटीत चाकांची 8 ते 15 टक्के घसरण योग्य मानतात.

ती मोजणे सोपे आहे. मागच्या टायरवर खडूने खूण करून नांगर जमिनीत असताना चाकाचे 10 फेरे होईपर्यंत चालावे आणि तेवढे अंतर आखून घ्यावे. मग नांगर उचलून तेच अंतर पुन्हा कापावे. आता साडेआठ फेरे झाले, तर घसरण 15 टक्के आहे. मोजायला सवड नसेल तर टायरचा ठसा पाहावा: नक्षी पुसून माती विस्कटली असेल तर वजन कमी आहे, नक्षी साच्यातून काढल्यासारखी रेखीव उमटली असेल तर जास्त आहे, आणि नक्षी ओळखू येत असून तिच्यामधील माती किंचित सरकलेली दिसली तर वजन बरोबर आहे.

वजन असूनही चाक फिरते तेव्हा

आधी टायरमधील हवा पाहावी, कारण ती प्रमाणापेक्षा जास्त असली तर टायरचा मधलाच पट्टा जमिनीला टेकतो. त्यानंतर नक्षी पाहावी. एकच चाक फिरत असेल तर मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारा डिफरन्शिअल लॉक लावून सरळ पुढे जावे, लॉक लावलेला असताना वळू नये. गुळगुळीत हिरवळीसाठीच्या टायरनी चिखलात काम होत नाही, तिथे वजन वाढवून उपयोग नाही.

पेटी काढायच्या आधी बकेट रिकामी करून जमिनीवर टेकवावी. पेटी सपाट जागी लाकडी ठोकळ्यांवर उतरवावी, इंजिन बंद करावे आणि ती पूर्ण टेकून लिंकवरचा ताण गेल्यावरच पिना काढाव्यात. पिन अडकत असेल तर पेटी हाताने ढकलू नये, इंजिन पुन्हा सुरू करून लिफ्ट किंचित वरखाली करून ताण सोडवावा.