मुंबई ते लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ घरबसल्या कशी काढायची

लेक लंडनला असली की आई-बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती तास लागतात गं?" तिकिटावरच्या वेळा नुसत्या वाचून उत्तर मिळत नाही, कारण निघायची वेळ मुंबईची असते आणि पोहोचायची तिथली.

1. आधी अंतर. संगणकावर गुगल मॅप्स उघडा. सहारच्या विमानतळावर राइट क्लिक करून 'अंतर मोजा' निवडा आणि मग लंडनच्या हीथ्रो विमानतळावर क्लिक करा. साधारण 7,200 किलोमीटर येतील. नुसतं 'लंडन' धरू नका, तिथे विमानतळ बरेच आहेत. रेघ वाकडी दिसेल, पण ती बरोबरच असते. पृथ्वी गोल आणि नकाशा सपाट, त्यामुळे जवळचा रस्ता नकाशावर कमानीसारखा दिसतो. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, तो चक्क आइसलंडजवळून जातो! नातवंडांना हे दाखवाच.

2. मग अंदाज. जेट विमान आकाशात ताशी 900 किलोमीटरच्या आसपास उडतं. चढण्या-उतरण्यात वेग कमी असतो, म्हणून सरासरी 850 धरा आणि वर अर्धा तास मिळवा. 7,200 भागिले 850 म्हणजे साडेआठ, एकूण नऊ तास.

हा हिशेब ढोबळच. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यामुळे लंडनला जाताना वेळ जास्त लागतो आणि परतताना कमी. शिवाय कुठल्या देशाचं आकाश बंद झालं की वळसा आलाच. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना मनाई केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना हे चांगलंच जाणवलं.

3. तिकिटाची वजाबाकी. दोन्ही वेळा मुंबईच्या घड्याळात आणा. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मात्र साडेचारच. समजा, जानेवारीत विमान पहाटे 2:00 ला सुटून तिथल्या सकाळी 7:00 ला पोहोचतं. तेव्हा मुंबईत दुपारचे 12:30 झालेले असतात, म्हणजे प्रवास साडेदहा तासांचा.

नवाचे साडेदहा कसे झाले? तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणंही त्यातच. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. परतताना विमान कधीकधी घिरट्या घालतं ते याचमुळे.

4. घर ते विमानतळ. आंतरराष्ट्रीय प्रवासाला तीन तास आधी पोहोचावं. मेट्रो टी-2, म्हणजे सहारच्या टर्मिनलपर्यंत जाते, पण मध्यरात्री ती बंद असते. तारीखही नीट बघा: 14 च्या पहाटे 2:00 चं विमान असेल तर डोंबिवलीकरांनी टॅक्सी 13 ला रात्री नऊची सांगावी.