युद्धात मारल्या गेलेल्या साउथ आफ्रिकन फायटर पायलटची माहिती कशी शोधायची

सगळ्यात आधी एक गोष्ट बघा, तो नक्की कुठल्या एअर फोर्समध्ये होता. मी दुसऱ्या महायुद्धातला फायटर पायलट पॅट पॅटल याला शोधायला बसलो तेव्हा इथेच अडकलो. जन्म 1914 चा, केप प्रांतातल्या बटरवर्थचा, म्हणून मी युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या साइटवर (नाव खाली दिलंय) साउथ आफ्रिका सिलेक्ट करून शोधत राहिलो आणि नाव काही येईना, कारण त्याला तिथल्या एअर फोर्सने घेतलंच नव्हतं, तो इंग्लंडला जाऊन 1936 मध्ये आरएएफमध्ये (ब्रिटनची रॉयल एअर फोर्स) भरती झाला. म्हणजे युनायटेड किंगडम सिलेक्ट करायचं.

हे सगळं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतं (खडकीची वॉर सिमेट्री सांभाळतात तेच हे लोक). फक्त आडनाव आणि मृत्यूचं वर्ष टाका. पूर्ण नाव नको, कारण पॅट हे हाक मारायचं नाव, कागदावर तो मार्माड्यूक थॉमस सेंट जॉन पॅटल आहे!

कबर दिसली नाही तर शोध सोडू नका. समुद्रात पडलेल्यांची नावं मेमोरियलवर असतात. पॅटलचं इजिप्तमधल्या अलामेन मेमोरियलवर आहे, जरी तो पडला ग्रीसमध्ये, एलेफ्सिनाच्या खाडीत.

मग तारीख धरून स्क्वॉड्रनची रोजची नोंदवही बघायची, लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये एअर 27 या सिरीजखाली. फॉर्म 540 मध्ये दिवसाचा गोषवारा, 541 मध्ये कोण कुठलं विमान घेऊन उडालं ते. पॅटल 33 नंबर स्क्वॉड्रनचा प्रमुख, तारीख 20 एप्रिल 1941. त्या दिवशी अथेन्सवर उरलीसुरली 15 हरिकेन विमानं उडाली होती आणि हा माणूस अंगात ताप असताना गेला, हे वाचून मला खरंच भरून आलं.

किती विमानं पाडली हा आकडा मात्र जपून लिहा. कुठे 40 च्या आसपास दिसेल, कुठे 50 च्या वर, कारण ग्रीसमधून माघार घेताना बरेच कागद नष्ट झाले. एकच आकडा ठोकून देऊ नका प्लीज, अंदाज आहे असं लिहा. डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) सारख्या पदकांसाठी लंडन गॅझेट (ब्रिटिश सरकारचं राजपत्र) बघा, ते ऑनलाइन आहे.

प्रॅक्टिस म्हणून जॉन फ्रॉस्ट शोधा, साउथ आफ्रिकन एअर फोर्सचा पायलट, 5 नंबर स्क्वॉड्रन, 16 जून 1942. त्याच्यासाठी मात्र साउथ आफ्रिकाच सिलेक्ट करा.