रिलीजला तेल घालण्याआधी

साताऱ्याच्या अदिती स्वामीनं २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि मीही तिच्यासारखा कंपाउंडकडं, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याकडं वळलो. सगळा जीव धनुष्यावर. दोरी जबड्यात धरून ट्रिगर दाबल्यावर सोडणाऱ्या, मनगटाला बांधायच्या रिलीजकडं लक्षच गेलं नाही, ओठ फुटेपर्यंत.

जुलैत सरावाहून आलो की ओली बॅग तशीच कोपऱ्यात पडायची. रिलीजचा जबडा जड लागायला लागला, म्हणून आईच्या शिलाई मशीनचं तेल दोन-चार थेंब सोडलं. दोन दिवस झकास. तिसऱ्या दिवशी दोरी अर्ध्यावर असताना जबडा आपोआप सुटला. बाण बटावरून, म्हणजे लक्ष्य लावलेल्या फळीवरून पलीकडं, माझी मूठ माझ्याच तोंडावर. ‘ट्रिगरवर बोट कशाला ठेवलंस?’ सर ओरडले. बोट मागंच होतं, पण सांगणार कोणाला!

मामांचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे. त्यांनी जबड्यातला काळा चिकटा काढून बोटांत चोळला. ‘तेल आणि माती. इंजिनाचा व्हॉल्व्ह घासायला आम्ही असलीच पेस्ट मुद्दाम लावतोय की रे.’

तेव्हापासून तेल बंद. सरावानंतर कोरड्या ब्रशनं झाडायचं. चिकटा असेल तर लायटरच्या पेट्रोलनं, विस्तवापासून लांब बसून, धुऊन पूर्ण वाळवायचं. वंगण लावायचंच तर माहितीपत्रकात सांगितलेलं, तेवढंच.

मग कापूस. जबड्याच्या आतून फिरवा. धागे अडकले तर कड खडबडीत झालीय, ती डी-लूप, म्हणजे दोरीवरचा जबड्यात अडकवायचा छोटा फास, कापणार. कानशीनं घासू नका, जबडाच बदला. डी-लूपला लव सुटली असेल तर तोही बदलायचा. ट्रिगरच्या स्क्रूवर नेलपॉलिशची रेघ ओढून ठेवा, स्क्रू सरकला की रेघ तुटलेली दिसते. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं. स्क्रू सरकून ट्रिगर हलका झाला, की बाण त्याबाहेर जायला तेवढं पुरतं. पट्ट्याची शिवण उसवली तर चपलांच्या कारागिराकडं न्या, कोल्हापुरात त्यांची काय वाण!

साफसफाईनंतरची चाचणी धनुष्यावर नको. बाणाशिवाय दोरी सुटली तर लिंब, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या, फुटू शकतात. आपल्या ड्रॉएवढा, म्हणजे आपण दोरी जेवढी मागं ओढतो तेवढा लांब, नायलॉनच्या दोरीचा फास करा, एक टोक डाव्या हातात, दुसरं रिलीजमध्ये, आणि वीसेक वेळा ताणून सोडा. एकदा जरी अर्धवट अडकलं, तर त्या दिवशी ते बॅगेतच.

म्हणून दुसरं रिलीज हवं, तंतोतंत त्याच सेटिंगचं. आठवड्यातून एक सराव त्यानंच करा, नाहीतर ऐन स्पर्धेत ते परक्याचं वाटतं.