लैंगिक आणि मानसिक तक्रारी विचारताना या चुका टाळा

'बाकी काही त्रास नाही ना?' हा प्रश्न ओपीडीतून कायमचा हद्दपार झाला पाहिजे. त्यातलं 'नाही ना' पेशंटला बरोबर ऐकू येतं. तुमची नजर स्क्रीनवर, पुढचा पेशंट दारातून डोकावतोय. तो 'नाही' म्हणतो, तुम्ही 'विशेष तक्रार नाही' असं टाइप करता. मग उठून दारापर्यंत गेल्यावर तो वळतो: 'डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं...' बहुतेक वेळा त्या दिवशी तो आलेला असतो त्याच्यासाठीच.

मी सरळ विचारते. 'डायबेटिसच्या सगळ्याच पेशंटना मी हे विचारते. शरीरसंबंधांत काही अडचण येते का?' आणि गप्प बसते. नवे डॉक्टर नेमके इथे घसरतात. दोन सेकंद शांतता झाली की त्यांनाच अवघडतं आणि ते घाईने म्हणतात, 'म्हणजे असेल तर सांगा हं, नसेल तर राहू द्या.' पेशंट राहू देतो.

औषध लिहून दिलं, त्याचे लैंगिक दुष्परिणाम सांगितलेच नाहीत

या चुकीवर माझा विशेष राग आहे. चाळिशीतले एक गृहस्थ, नैराश्यासाठी पॅरॉक्सेटीन सुरू. मूड सुधारलेला, झोप परत आलेली. पण दर रविवार-सोमवारी चक्कर, मळमळ आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटायचं. मानेचा एक्स-रे झाला, कान तपासून झाले, चक्करेच्या गोळ्या झाल्या. आमच्या ज्युनिअरने एमआरआयची चिठ्ठीही लिहून ठेवली होती. 'गोळ्या रोज घेता ना?' असं त्याने विचारलं होतं, उत्तर अर्थातच 'हो'. दर आठवड्याला ठरावीक वारीच त्रास का होतो, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, 'या गोळ्यांनी बऱ्याच जणांची इच्छा कमी होते, वीर्यपतनाला फार वेळ लागतो किंवा ते होतच नाही. तुमचं कसं आहे?' ज्युनिअरला बाहेर पाठवल्यावर उत्तर मिळालं. बायकोबरोबर निवांत वेळ मिळायचा तो शनिवार-रविवारी, म्हणून शुक्रवारपासून गोळी बंद आणि सोमवारी पुन्हा सुरू. पॅरॉक्सेटीन शरीरातून साधारण एका दिवसात निम्मं होतं. लागोपाठ दोन-तीन डोस चुकले की हेच झटके येतात. मानसोपचारतज्ज्ञाशी बोलून आम्ही ती गोळी टप्प्याटप्प्याने कमी करत मिर्टाझापीन सुरू केलं, कारण त्यात हा त्रास तुलनेने कमी असतो. झटके थांबले, एमआरआयची चिठ्ठी फाडली.

तेव्हापासून आमच्याकडे एसएसआरआय (पॅरॉक्सेटीनच्या गटातली नैराश्याची औषधं) लिहिताना हे दुष्परिणाम त्याच भेटीत सांगायचे, असा माझा आग्रह असतो. 'ऐकून पेशंट गोळीच घेणार नाही' अशी भीती घालणारे भेटतात. न सांगितल्यावर तो गुपचूप बंद करतो, मग काय करता?

आणि नैराश्यावर गोळी सुरू करण्याआधी उन्मादाबद्दल विचारा: झोप न घेताही कधी अनेक दिवस अंगात अफाट उत्साह होता का? बायपोलर, म्हणजे कधी नैराश्य तर कधी असा उन्माद येणाऱ्या पेशंटला नुसतं एसएसआरआय देणं महागात पडतं.

सिल्डेनाफिल (ताठरतेची गोळी) लिहून मोकळं होणं

लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे ताठरतेची तक्रार कधी कधी हृदयविकाराच्या काही वर्षं आधी येते. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघा. तो छातीत दुखण्यासाठी नायट्रेट घेतो का हे विचारल्याशिवाय पेनच उचलू नका. दोन्ही एकत्र झाली तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो.

नातेवाइकांसमोर विचारणं

विचारू नका. मी प्रत्येकाला काही मिनिटं एकट्याने भेटते, जोडीदाराला हेच सांगते की ही इथली पद्धत आहे. घरातल्या मारहाणीबद्दल तर दुसऱ्या कुणाच्या उपस्थितीत अवाक्षरही काढू नका.

वयावरून गृहीत धरणं

सत्तरीतल्या बाईंना कोरडेपणामुळे संबंधांच्या वेळी दुखत असेल, हे तुमच्या डोक्यात येत नाही म्हणून त्या वर्षानुवर्षं सोसतात. जोडीदार पुरुष की स्त्री, हेही विचारा. अंदाज बांधू नका.

पीएचक्यू-९ ची फक्त बेरीज बघणं

टॅबवर हा नैराश्य मोजणारा नऊ प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला की काम झालं, असं मानणाऱ्यांचा मला कंटाळा आलाय. २७ पैकी एकूण ६ म्हणजे सौम्य, म्हणून फाइल बंद. पण नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे आणि तिथे शून्य नसून एक आहे, हे कुणी पाहिलंच नाही. तिथे शून्य सोडून काहीही असलं, तर बेरीज कितीही असो, तोंडी विचारायचं: 'जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, ते ठरवलंय का? त्यासाठी काही जमवून ठेवलंय का?' विचारल्यामुळे तो विचार मनात रुजतो ही समजूत अभ्यासांतून खरी ठरलेली नाही. 'ताण घेऊ नका' हे मात्र कृपा करून म्हणू नका.

वेळ नाही ही तक्रार मला मान्य आहे. लैंगिक तक्रार दारात निघाली तर मी त्याच आठवड्यातली मोठी अपॉइंटमेंट देते आणि त्याच्यासमोर विषय लिहून ठेवते. नवव्या प्रश्नाला ही सवलत नाही. तो पेशंट आहे तिथेच बसवायचा आणि बाहेरच्यांना थांबायला सांगायचं.