मल्चिंग पेपर टाकूनही तण येतंय? या चुका टाळा

मल्चिंग पेपर म्हणजे तण दाबायला बेडवर, गादीवाफ्यावर, अंथरतात ते पातळ प्लास्टिक. हा पेपर टाकला की खुरपणी संपली असं समजून बसलेल्यांचे फोन मला दर हंगामात येतात, दादा पेपर फोडून तण वर आलंय, आता काय मारू. मारायचं काहीच नाही हो, चूक पेपर अंथरायच्या आधीच झालेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लव्हाळ्याच्या रानात घाईने पेपर टाकणं. घोळ, केना, माठ असलं बियांवरचं तण पेपरखाली उजेड न मिळाल्यामुळे मरतं, पण लव्हाळ्याचा कोंब येतो जमिनीतल्या गाठीतून, गाठीत साठा असतो आणि कोंबाचं टोक सुईसारखं, त्याला 25 मायक्रॉनचा पेपर म्हणजे काहीच नाही. माझा विहिरीखालचा 20 गुंठ्यांचा तुकडा आहे, कायम ओल धरणारा, त्यात मिरची करायची म्हणून 400 मीटरचे चार रोल आणले, रोपं तयार होती म्हणून नांगरट केली आणि दोन दिवसांत बेड पाडून पेपर टाकून मोकळा झालो. आठव्या दिवशी बेडवरून हात फिरवला तर खालून टोकं टोचत होती. पंधराव्या दिवशी पेपरची चाळण झालेली. लव्हाळा उपटायला गेलं की पात तुटून हातात येते, गाठ खालीच राहते, आणि ओढताना पेपर आणखी फाटतो. खुरपायला आलेल्या मावशी म्हणाल्या, "हा पेपर नसता तर आमचं काम दोन दिवसांत उरकलं असतं." खरं होतं ते. शेवटी अर्ध्या रानातला पेपर ओढून काढला, पेपरचे पैसे गेले आणि मजुरी डबल लागली.

आता मी असं रान एप्रिल-मेमध्ये खोल नांगरून तापू देतो, नांगरामागे माणूस लावून गाठी वेचून बांधाबाहेर टाकतो, मग पाणी देऊन उरलेला लव्हाळा उगवू देतो आणि कोवळा असतानाच मुळासकट काढतो. हे दोनदा. महिना जातो, रोपांची ऑर्डर त्या हिशोबानेच द्यायची. रोपवाटिकेतून फोन आला म्हणून रान तयार होत नसतं.

दुसरी चूक भोकांची. भोक लहान पाडलं की रोपाचं खोड तापलेल्या पेपरला घासतं आणि तिथेच करपतं, मग लोक मर रोग समजून बुरशीनाशक सोडत बसतात. मोठं पाडलं तर तेवढ्या उघड्या जागेत तण. मी दोन-अडीच इंचाचं पाडतो, लागणीच्या आदल्या दिवशी, म्हणजे आतली वाफ निघून जाते, आणि लागण संध्याकाळी. रोप लावल्यावर भोकाच्या कडेला मूठभर माती दाबायची, नाहीतर गरम वाफ नेमकी खोडापाशी बाहेर येते. भोकातून तण आलंच तर दोन पानांवर असताना बोटाने काढा, मोठं होऊ दिलं तर त्याच्याबरोबर मिरचीचं मूळ हलतं.

चंदेरी बाजू वर, काळी खाली. उन्हाळ्यात उलटा टाकलेला पेपर मी पाहिलाय, रोपं अक्षरशः उकडली होती.

ठिबक आधी चालवून प्रत्येक ड्रीपरचं पाणी बघा, मगच पेपर झाका. शेणखत आणि बेसल डोस (लागणीआधी द्यायचं खत) हेही आधीच, नंतर हात घालायला जागा नसते.

बेडवर ढेकळं, तुरीची धसकटं ठेवू नका, पेपर तिथेच फाटतो.

भर दुपारी पेपर ओढू नका, उन्हाने सैल पडलेला असतो, सकाळी आकसला की कडा मातीतून निघतात. कडा चार-पाच इंच मातीत गेल्याच पाहिजेत, वारा एकदा आत शिरला की सगळा बेड उघडा पडतो.

दोन बेडमधल्या सरीत पेपर नसतो, तिथलं तण लोक सोडून देतात आणि हरळी तिथूनच कडेखाली घुसते. मी सरीत उसाचं पाचट चांगलं जाड अंथरतो, पावसाळ्यात चिखलही कमी होतो. पीक संपलं की पेपर हाताने गोळा करा, रोटाव्हेटर फिरवायच्या आधी, नाहीतर त्याच्या चिंध्या पुढची कित्येक वर्षं त्याच रानातून वेचाव्या लागतात.