आजोबांची ट्रंक विद्यापीठाकडे देण्याआधी

जुनं घर पाडून अपार्टमेंट उभं राहतं तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेतले कागद बहुधा रद्दीवाल्याकडे जातात. कोल्हापुरात तुमच्या घरी कुणी वकील, डॉक्टर, शिक्षक होऊन गेलं असेल, राजाराम कॉलेजात शिकलं असेल, तर ते कागद आधी वाचवा. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली स्थापन झालं. त्याआधी इथे शिकलेल्यांच्या पदव्या दुसऱ्या विद्यापीठांच्या, त्यामुळे त्यांचा माग इथल्या विद्यापीठाच्या दप्तरात लागत नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढे इतर समाजांचीही बोर्डिंगं निघाली. तिथे राहणाऱ्या पोराचं भागत कसं होतं, हे त्याच्या खर्चाच्या वहीतून आणि घरी धाडलेल्या पोस्टकार्डांतूनच कळेल. म्हणून गुणपत्रिका ठेवून वह्या टाकून देऊ नका.

सुरुवातीला काहीच क्रमाने लावू नका. तारखेप्रमाणे गठ्ठे करण्याचा मोह होतोच, पण कुठलं पत्र कुठल्या वहीत ठेवलं होतं, यालाही अर्थ असतो आणि एकदा मोडलेला क्रम परत जुळत नाही. ट्रंक उघडल्याबरोबर मोबाईलवर फोटो काढा, मग एकेक गठ्ठा उचला. मोडी लिपीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून बाजूला सारू नका. मोडी जाणणारी माणसं आजही भेटतात.

मग मऊ ब्रशने धूळ झाडा. गंजलेल्या टाचण्या आणि रबरबँड हलक्या हाताने काढा. फाटलं तरी सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको. ओल लागली असेल तर सावलीत, पंख्याखाली वाळवा. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिल्यावर तळमजल्यावर असे कागद ठेवणं धोक्याचंच.

आता यादी. प्रत्येक गठ्ठ्याला एक ओळ पुरते: काय आहे, कुणाचं, अंदाजे साल. फोटोंतल्या माणसांची नावं घरातल्या थोरल्यांना आजच विचारा आणि मागे मऊ पेन्सिलीने लिहा.

वकिलाच्या पक्षकारांचे आणि डॉक्टरच्या रुग्णांचे कागद वेगळे काढा. ती गुपितं दुसऱ्यांची आहेत. ती किती वर्षं बंद ठेवायची हे देण्याआधीच ठरवा. आलेल्या पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, आणि तो त्याच्या मृत्यूनंतरही बरीच वर्षं टिकतो. छापायची परवानगी तुम्ही एकटे देऊ शकत नाही, हे लक्षात असू द्या.

शेवटी ट्रंक घेऊन थेट जाऊ नका, यादी घेऊन जा. विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात, म्हणजे ग्रंथालयात, किंवा इतिहास विभागात विचारा: असे कागद घेता का, ठेवणार कुठे, वाचायला कुणाला मिळतील, स्कॅनची प्रत आम्हाला द्याल का? तिथे जमत नसेल तर जुने सरकारी कागद जपणाऱ्या पुराभिलेखागारात चौकशी करा. ठरेल ते दानपत्रात लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. नको असलेले कागद परस्पर रद्दीत न घालता कुटुंबाला परत करावेत, ही अटही त्यात हवी.